नाव न सांगणारा सायकलपटू-लेखक कोण? अंदाज बांधण्याची नीट पद्धत

२०१९ मध्ये इंग्रजीत ‘द सीक्रेट सायक्लिस्ट’ हे पुस्तक आलं. सांगणारा व्यावसायिक रायडर, नाव मात्र झाकलेलं. अशी पुस्तकं हातात पडली की बहुतेक वाचक पहिल्या पन्नास पानांतच एक नाव पकडतात आणि पुढचं सगळं पुस्तक त्या नावाला टेकू शोधत वाचतात. टेकू सापडतातच, कारण युरोपात दहा वर्षं शर्यती केलेल्या कुठल्याही दोन रायडरांचं आयुष्य बरंचसं सारखं असतं. तेच डोंगर, तीच हॉटेलं, तोच भात आणि तीच टीमची बस.

म्हणून इथे उलट जायचं. नाव शोधायचं नाही, नावं खोडायची. शेवटी जी उरतील ती उरतील. खालची पद्धत एका पुस्तकापुरती नाही, नाव लपवून लिहिलेल्या कुठल्याही रायडरच्या पुस्तकाला ती लावता येते.

## टप्पा १ : बैठक मारण्याआधीची तयारी

पान क्रमांक कायम राहतील अशी प्रत घ्या. फोनवरच्या ई-बुकमध्ये अक्षरांचा आकार बदलला की पानं सरकतात आणि आठवड्याने स्वतःचीच नोंद सापडत नाही.

एक स्प्रेडशीट उघडा. रकाने सहा: पान, मूळ वाक्य, धाग्याचा म्हणजे सुगाव्याचा प्रकार (टप्पा २ पाहा), कोणत्या वर्षापासून, कोणत्या वर्षापर्यंत, आणि या वाक्याने कोण बाद होतं. ‘कोण बसतं’ असा रकाना मुद्दाम ठेवू नका. तो ठेवला की हात आपोआप आवडत्या नावाकडे वळतो.

निकालांसाठी प्रोसायक्लिंगस्टॅट्स आणि फर्स्टसायक्लिंग या दोन साइट पुरतात. दोन्ही उघड्या ठेवा. एकीवर काही खटकलं तर दुसरीवर पडताळता येतं.

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. दुसऱ्या वाचनात वाक्यं उतरवा, आणि ती शब्दशः उतरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘त्या सकाळी मी सायकलवर बसलोच नाही’ असं पुस्तकात असतं आणि वहीत उतरतं ‘शर्यत सोडली’. निकालपत्रकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातच केली नाही तर डीएनएस, वाटेत थांबला तर डीएनएफ, वेळमर्यादेबाहेर पोहोचला तर ओटीएल. सकाळी न बसलेला माणूस डीएनएफच्या यादीत कितीही शोधला तरी मिळणार नाही, कारण त्याचं नाव डीएनएस म्हणून पडलेलं असतं.

तपासा: दुसऱ्या वाचनानंतर वहीत ४० पेक्षा कमी वाक्यं असतील तर वाचन घाईत झालंय. खोलीतला जोडीदार, प्रवास, हवामान, जेवण, टीम कारमध्ये कोण होतं, अशी कामाची वाटत नाहीत ती वाक्यंही घ्या.

## टप्पा २ : धागे वेगळे करा

लेखक सगळं खरं सांगत नाही, आणि ते रास्तच आहे. त्याचा करार चालू असू शकतो, टीममधले लोक हयात आहेत, प्रकाशकाचा वकील हस्तलिखित वाचून गेलेला असतो. तेव्हा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे बदलायचं म्हटलं तर लेखकाला किती त्रास पडला असता?

सहज बदलता येणारे धागे. देश, वय, भावंडं, बायकोचा व्यवसाय, घराचं गाव, पाळलेला कुत्रा, टीमच्या जर्सीचा रंग, सहकाऱ्यांची नावं. एका शब्दाने बदलतात, प्रसंगाला धक्का लागत नाही. अशा धाग्यावरून कुणालाही बाद करू नका आणि कुणाला पुढेही आणू नका. वाचकांची सगळ्यात मोठी फसगत ‘तो अमुक देशाचा वाटतो’ यातून होते.

कष्टाने बदलणारे धागे. चढांचा क्रम, थंडी कुठे भरली, विश्रांतीचा दिवस कोणत्या टप्प्यानंतर आला, आदल्या रात्री किती तास बसमध्ये गेले, टीममधले किती जण उरले होते. यातलं एक हलवलं की अख्खा प्रसंग पुन्हा रचावा लागतो, आणि तिथे असलेल्या दुसऱ्या रायडरला ते लगेच खटकतं. हाच आपला खरा माल.

सगळ्यांना लागू पडणारे धागे. रस्त्यावर आपटणं, सकाळी सहाला दार वाजवणारा डोपिंग तपासनीस, ऑगस्टमधली नव्या कराराची काळजी. बदल्यांचं दार १ ऑगस्टला अधिकृतपणे उघडतं, त्यामुळे त्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक रायडर फोनला चिकटलेला असतो. डोपिंग चाचणीच्या यादीतला रायडर रोज एक तास अमुक जागी असल्याचं आधी कळवून ठेवतो, हाही नियमच आहे. वाक्यं वाचायला रंगतदार, चाळणी म्हणून शून्य.

ऐकीव धागे. ‘दुसऱ्या टीममध्ये म्हणे असं झालं’ अशा वाक्यांतून लेखकाबद्दल काहीच कळत नाही. बाजूला ठेवा.

इशारा: एखादा प्रसंग किती रंगवून सांगितलाय यावरून तो खरा की बनावट हे ठरवू नका. रंग बहुधा शब्दांकन करणाऱ्याने भरलेला असतो.

## टप्पा ३ : काळाची चौकट आखा

कोणत्या वर्षांबद्दल लिहिलंय हे कळल्याशिवाय नावांची यादी करायची नाही. वाचक नेमका हाच टप्पा गाळतात आणि मग २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या माणसावर २०१८ चा प्रसंग चिकटवतात.

चौकट नियमांच्या आणि शर्यतींच्या तारखांवरून उभी राहते. या खुणा पाठ असाव्यात:

- टूर ऑफ बीजिंग २०११ ते २०१४ एवढीच झाली.
- टूर ऑफ कतार २०१६ नंतर नाही, टूर ऑफ कॅलिफोर्निया २०१९ नंतर नाही.
- जागतिक स्पर्धेत व्यावसायिक टीमची सांघिक टाइम ट्रायल (अख्खी टीम एकत्र, घड्याळाविरुद्ध) २०१२ ते २०१८. प्रत्येक टीमचे सहा रायडर.
- ग्रँड टूरमध्ये (तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या शर्यती: इटलीतली जिरो, टूर द फ्रान्स आणि स्पेनमधली व्हुएल्टा) एका टीमचे नऊ रायडर २०१७ पर्यंत, २०१८ पासून आठ.
- रस्त्याच्या शर्यतीत डिस्क ब्रेकची चाचणी २०१५ मध्ये सुरू झाली, एप्रिल २०१६ मध्ये थांबली, २०१७ मध्ये परत आली आणि २०१८ मध्ये पूर्ण मुभा मिळाली.
- ताकद भरून काढण्यासाठी सुई घेण्यावर यूसीआयची (सायकलिंगची जागतिक संघटना) बंदी २०११ पासून.
- शर्यतीत ट्रामाडॉल या वेदनाशामकावर यूसीआयची बंदी १ मार्च २०१९ पासून.
- उतारावर सायकलच्या वरच्या नळीवर बसायला बंदी १ एप्रिल २०२१ पासून.

आता वाक्यं वाचा. ‘आम्ही नऊ जण जेवायला बसलो’ हे ग्रँड टूरमधलं असेल तर वर्ष २०१७ किंवा आधीचं. ट्रामाडॉलची गोळी शर्यतीत उघडपणे फिरत असेल तर मार्च २०१९ च्या आधीचं. पुस्तकाच्या छपाईचं वर्ष ही वरची मर्यादा असते, पण मजकूर त्याच्या काही महिने आधीच हातावेगळा झालेला असतो. तेव्हा पुस्तकातला सगळ्यात अलीकडचा तपासता येणारा प्रसंग कोणता, ते पाहा आणि तिथे रेघ मारा.

तपासा: चौकटीची दोन्ही टोकं प्रत्येकी दोन वेगळ्या वाक्यांवर उभी आहेत का? एकाच वाक्यावर टोक उभं असेल तर दोन्हीकडे एकेक वर्ष सैल सोडा.

## टप्पा ४ : पूर्ण यादी, आवडती यादी नव्हे

वर्ल्डटूरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, एका मोसमात साधारण १८ टीम आणि प्रत्येकीत ३० पर्यंत रायडर, म्हणजे सुमारे ५०० माणसं. चौकट पाच वर्षांची असेल तर येणारे-जाणारे धरून आकडा आणखी वाढतो. यादी एवढीच मोठी हवी. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची सगळी अचूकता इथून येते.

शर्यती जिंकणारे, रोज कॅमेऱ्यासमोर येणारे पहिल्या फळीतले रायडर आपोआप गाळू नका, आणि ‘हा मदतनीस रायडरच असणार’ असंही गृहीत धरू नका. भूमिका हा सहज बदलता येणारा धागा आहे.

टीमच्या नावांत इथे हमखास गोंधळ होतो. रायडर म्हणतो, ‘मी तीन जर्सी बदलल्या’ आणि वाचक तीन टीममध्ये खेळलेला माणूस शोधायला निघतात. पण प्रायोजक राबोबँकने हात काढून घेतल्यावर तीच टीम २०१३ च्या सुरुवातीला ब्लँको होती, त्याच उन्हाळ्यात बेल्किन झाली, आणि २०१५ मध्ये लोटोएनएल–युम्बो. जागचा न हललेला माणूस तीन वर्षांत चार जर्सी घालू शकतो. यादीत टीम लिहिताना त्या वर्षाचं प्रायोजकाचं नाव आणि शेजारी मूळ संघटना, दोन्ही लिहा.

टीम बंद पडल्याचा प्रसंग असेल तर तो सोन्यासारखा. एचटीसी–हायरोड २०११ च्या शेवटी बंद झाली, युस्कालतेल आणि व्हाकान्सोलेइल २०१३ च्या शेवटी, आयएएम आणि टिंकॉफ २०१६ च्या शेवटी. वर्ष ठरलं की टीम मोजक्याच उरतात.

## टप्पा ५ : खोडायला सुरुवात

सगळ्यात जास्त नावं खोडणारं वाक्य आधी घ्यायचं. क्रम चुकला की चार तास जातात आणि हाती काही लागत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. ही वाक्यं उदाहरणादाखल रचलेली आहेत, कुठल्या पुस्तकातली नव्हेत. समजा वहीत असं आहे: ‘जिरोमध्ये बर्फ पडत होता. सुरुवात पोंते दि लेन्योला, शेवट वाल मार्तेल्लोला. स्टेल्वियोच्या उतारावर बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हेच कळेना.’

पहिल्या झटक्यात लोक २०१३ लिहितात, कारण २०१३ चा जिरो बर्फासाठी लक्षात राहिलाय. पण २०१३ चा १९ वा टप्पा, पोंते दि लेन्यो ते वाल मार्तेल्लो, बर्फामुळे रद्द झाला. कुणी सायकलवर बसलंच नाही. तोच मार्ग २०१४ मध्ये १६ वा टप्पा म्हणून परत ठेवला आणि तो बर्फातच झाला. गाविया, मग स्टेल्वियो, मग शेवटचा चढ. उतारावर शर्यत तात्पुरती थांबवली आहे की नाही यावरून त्या दिवशी मोठा गोंधळही उडाला. गोठलेल्या बोटांचं वाक्य आहे म्हणजे २०१४. ‘हॉटेलच्या खोलीत बसून खिडकीतून बर्फ पाहिला’ असतं तर २०१३.

आता खोडा. २०१४ चा जिरो सुरू करणारे १९८. त्यातले १५ व्या टप्प्यापर्यंत घरी गेलेले सगळे बाद. उरले ते १६ व्या टप्प्याला निघालेले. त्या दिवशी डीएनएफ झालेल्यांना लगेच खोडू नका, कारण वाक्यात उताराचा उल्लेख आहे, शेवट गाठल्याचा नाही. स्टेल्वियो उतरून मग थांबलेला माणूसही ते वाक्य लिहू शकतो.

दुसरं वाक्य समजा असं: ‘त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या सांघिक टाइम ट्रायलला मी टीममध्ये होतो.’ म्हणजे सप्टेंबर २०१४, पोनफेरादा. प्रत्येक टीमचे सहाच. दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की एका टीममधून फार तर सहा, बहुधा एक किंवा दोनच नावं उरतात, आणि तिथे न उतरलेल्या टीम तर सबंध गळतात. दोन वाक्यांत जवळजवळ दोनशेची यादी एका पानावर येते. तिसरं वाक्य त्याच मोसमातलं पण निराळ्या शर्यतीचं निवडा. पहिल्या दोन शर्यतींना जे लोक असतात तेच तिसरीलाही असतील तर काहीच खोडलं जात नाही.

याउलट काही वाक्यं भारी वाटतात आणि काही करत नाहीत. ‘व्हुएल्टाची सुरुवात सांघिक टाइम ट्रायलने झाली’ याने वर्ष ठरत नाही, २०१० ते २०१७ दर वर्षी तशीच सुरुवात झाली. पण ‘त्या सांघिक टाइम ट्रायलची वेळ वैयक्तिक क्रमवारीत धरलीच नाही’ असं असेल तर ते २०१५, पुएर्तो बानूस. अर्ध्या वाक्याचा फरक आहे, म्हणून तर शब्दशः उतरवायचं.

इशारा: ओटीएलवर आंधळा विश्वास नको. मागच्या घोळक्यातले, म्हणजे ग्रुपेट्टोमधले, फार लोक एकदम मर्यादेबाहेर गेले तर पंच त्यांना परत घेऊ शकतात. २०११ च्या टूर द फ्रान्समध्ये गालिबिएच्या टप्प्यावर ८८ रायडर मर्यादेबाहेर होते, २०१६ च्या व्हुएल्टात फोर्मिगालला ९३, आणि दोन्ही वेळा त्यांना शर्यतीत ठेवलं. ‘वेळेबाहेर गेलो, वाटलं संपलं’ असं लिहिणाऱ्याच्या नावापुढे निकालात ओटीएल नसेलही.

इशारा: मिलान–सान रेमो २०१३ ला बर्फामुळे ओव्हादाला शर्यत थांबवून रायडरांना बसने कोगोलेतोला नेलं. बसमधून उतरलेच नाहीत असेही काही होते. निकालपत्रकात मात्र ते आणि पुढे रस्त्यात थांबलेले, सगळेच सरसकट ‘डीएनएफ’. हा फरक त्या दिवशीच्या वार्तांकनातच सापडतो.

## टप्पा ६ : उलटी चाचणी

दहाच्या खाली नावं आली की थांबा आणि पद्धत उलटी करा. उरलेल्या प्रत्येक नावासाठी, तो लेखक *नाही* हे सिद्ध करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करा.

पुस्तकात काय *नाही* तेही पाहा. वर्षानुवर्षं पॅरिस–रुबे खेळलेला माणूस दगडी रस्त्यांबद्दल ओळही लिहीत नसेल तर ते सूचक आहे, पण पुरावा नाही. तीच गोष्ट ओळख देते म्हणून त्याने गाळली असेल. गैरहजेरीवरून नाव खोडू नका, फक्त बाजूला प्रश्नचिन्ह लावा.

एकही नाव उरलं नाही तर? घाबरून चाळणी सैल करू नका. आधी बघा, विरोध कुठे गोळा होतायत. काही प्रकरणं एका माणसावर चोख बसतात आणि बाकीची दुसऱ्यावर, असं दिसलं तर सांगणारे दोन किंवा अधिक असू शकतात. तेव्हा वही प्रकरणवार तोडा आणि प्रत्येक तुकड्यासाठी टप्पा ५ नव्याने करा. विरोध पुस्तकभर विखुरलेले असतील तर बहुधा मुद्दाम फिरवलेले तपशील तुम्ही कष्टाच्या धाग्यांत घातलेत. टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ७ : भाषेचा पुरावा, आणि तो का कमी धरायचा

‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत, तेव्हा नाव खोटं असलं तरी लेखणी दळवींचीच होती. शैली जुळवायला काहीतरी हाताशी होतं. खेळाडूच्या पुस्तकात तसं नसतं. तो तासन्‌तास बोलतो आणि दुसरा कुणी लिहितो. छोट्या शब्दांची वारंवारता मोजणारी सॉफ्टवेअर इथे लावली तर हाती लागेल तो शब्दांकन करणारा.

मुलाखतींशी वाक्यं जुळवण्याचा मोहही आवरा. पेलोटॉनची, म्हणजे शर्यतीतल्या रायडरांच्या घोळक्याची, बोली सामाईक आहे. ‘पाय नव्हते’, ‘दिवा विझला’ हे सगळेच म्हणतात. भाषेवरून एकही नाव खोडायचं नाही.

## टप्पा ८ : निष्कर्ष लिहिणे आणि कुठे थांबायचं

उरलेल्या प्रत्येक नावापुढे तीन आकडे लिहा: कष्टाचे किती धागे बसले, किती तपासताच आले नाहीत, किती विरोधात गेले. टक्के काढू नका. ‘९० टक्के खात्री’ हा आकडा हवेतून येतो, कारण किती तपशील लेखकाने फिरवलेत हे माहीत नसताना टक्का निघूच शकत नाही. कष्टाचा एक धागा जरी पक्का विरोधात असेल तर ते नाव खाली, मग बाकी कितीही जुळो.

संबंधित रायडरने नकार दिला तर त्याची नोंद शून्य किमतीने करा. खरा लेखकही नकारच देणार आणि खोटा संशयितही. नकार कसा दिला, हसून की चिडून, यावरून काही ठरत नाही.

धावण्या-सायकलच्या ॲपवरच्या सरावाच्या नकाशांतून घराचा पत्ता काढू नका, बायको-मुलांची खाती चाळू नका, टीमच्या मालिश करणाऱ्यांना किंवा मेकॅनिकना निरोप पाठवू नका. या गोष्टींची पद्धतीला गरजच नाही, शर्यतींचे निकाल पुरतात. त्या माणसांची नोकरी मात्र जाऊ शकते.

आणि एकटं नाव जाहीर करू नका. लेखकाने पगार, औषधं, टीम मॅनेजर यांबद्दल उघड लिहिलं असेल तर चुकीच्या माणसाला त्या प्रत्येक ओळीचं उत्तर द्यावं लागतं, पुढचा करार मागताना तर नक्कीच. बोलायचंच असेल तर कुणाची नावं खोडली आणि कोणत्या पानावरून, तेवढं सांगा. ‘पान अमुक, त्या दिवशी हा शर्यतीत नव्हता’ हे कुणीही तपासू शकतं आणि त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

वही मिटण्याआधी पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: पुस्तकाची कोणती आवृत्ती वापरली, निकाल कोणत्या तारखेला पाहिले, आणि कोणती वाक्यं तपासायची राहिली. जुने निकाल अपात्रतेनंतर वर्षांनीही बदलतात. एखाद्याचं नाव निकालातून काढलं की बहुतेक वेळा खालचे सगळे एकेक जागा वर सरकतात, आणि ‘मी अकरावा आलो’ म्हणणारा माणूस आजच्या यादीत दहावा दिसतो.